दोघांची नौका



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत एक शंका सहजच आली असेल. माहूर कोठें आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यती कोठें! रेणुकामातेचें स्थान, दत्तात्रेयाचें शिखर आणि जुना गड यांसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव समुद्रापासून शेकडों मैल दूर आहे. गडाला तीन बाजूंनीं पैनगंगेचा वेढा आहे खरा. पण ती उन्हाळ्यांत वाळू दाखविणारी आणि पावसाळ्यांत अंगावर धांवून येणारी नदी. अशा मुलुखांतील घरांना नौकाशर्यतींशीं काय कर्तव्य? शंका रास्त आहे आणि तिचें उत्तर मी भाषणाच्या उत्तरार्धांत देणार आहें. तूर्त एवढेंच सांगतों कीं, शिडाच्या होडीला समुद्रच लागतो असें नाहीं. तिला लागतो वारा, पुरेसें रुंद व खोल पाणी आणि ती चालविणारीं जाणतीं माणसें. पहिल्या दोन गोष्टी निसर्ग देतो किंवा धरणें देतात. तिसरी मात्र शिक्षणानेंच तयार होते. त्या शिक्षणापैकीं जो भाग दोन तरुणांनीं एका होडींत बसून घ्यावयाचा असतो, त्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

शर्यतीच्या होड्यांचे पुष्कळ वर्ग आहेत. लहान मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ नांवाची होडी अवघी २·३ मीटर लांबीची असते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें क्लार्क मिल्स यांनीं ती १९४७ सालीं आंखली. तींत एकच मूल बसतें आणि वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्याला तींतून शर्यत खेळतां येते. त्यानंतर मुलापुढें दोन वाटा फुटतात: एकट्याची मोठी होडी किंवा दोघांची होडी. दोघांच्या होड्यांत ‘४२०’ आणि ‘४७०’ हे दोन वर्ग फार प्रसिद्ध आहेत. हे आंकडे म्हणजे होडीची सेंटिमीटरांतील लांबी. ४२० ही मुख्यतः शिकाऊ तरुणांची होडी. ४७० ही आंद्रे कोर्न्यू या फ्रेंच रचनाकारानें १९६३ सालीं आंखली आणि १९७६ पासून ती ऑलिंपिक सामन्यांत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून या वर्गांतील जोडी एक पुरुष व एक स्त्री अशीच असावी, असा नियम झाला आहे.

वाऱ्याबरोबर होडी वाहत जाते हें कोणालाहि समजतें. नवल आहे तें होडी वाऱ्याच्या उलट जाते याचें. शीड ताणून बसविलें म्हणजे त्याला पक्ष्याच्या पंखासारखा बाक येतो. त्याच्या दोन अंगांनीं वाहणाऱ्या हवेच्या दाबांत फरक पडतो आणि होडी कांहींशी पुढें व कांहींशी बाजूला ओढली जाते. बाजूला सरकण्यास, होडीच्या तळांतून पाण्यांत सोडलेली एक उभी फळी अडथळा करते. मग उरतें तें पुढें जाणें. तथापि वाऱ्याच्या अगदीं तोंडावर कोणतीच शिडाची होडी जात नाहीं. वाऱ्याच्या रोखाच्या दोन्ही बाजूंस सुमारें ४५ अंशांचा टापू तिला बंद असतो. म्हणून ती घाटांतल्या रस्त्यासारखी नागमोडी चढते: कांहीं वेळ उजवीकडे, मग वळण, मग कांहीं वेळ डावीकडे. माहूरचा घाट चढलेल्या माणसास हें वेगळें समजावून सांगावयास नको. मात्र घाटाचीं वळणें इंजिनियरानें एकदांच आंखून ठेविलेलीं असतात. पाण्यावरचीं वळणें घटकोघटकीं नवीं आंखावीं लागतात, कारण वारा एका रोखानें फार वेळ वाहत नाहीं.

आतां या होडींत दोघांनीं काय करावयाचें तें पाहूं. एक जण सुकाणूं धरतो. आपल्या जुन्या भाषेंत त्याला सुकाण्या म्हणतात. एका हातांत सुकाणूं आणि दुसऱ्या हातांत मोठ्या शिडाचा दोर, अशी त्याची बैठक असते. दुसरा त्याचा साथीदार. पुढच्या लहान शिडाचा दोर त्याच्या हातीं असतो. वारा पाठीमागून घेतांना फुगाऱ्यासारखें उघडणारें तिसरें रंगीत शीड चढविणें व उतरविणें, हेंहि काम त्याचेंच. शिवाय वारा जोराचा असला म्हणजे होडी एका अंगावर कलूं लागते, तिला तोलून धरावी लागते. त्यासाठीं डोलकाठीच्या वरच्या भागापासून एक तार लोंबत असते. साथीदार ती आपल्या कमरपट्ट्याच्या आंकड्यांत अडकवितो, पाय होडीच्या कांठावर रोंवतो आणि सारें शरीर पाण्यावर आडवें झोंकून देतो. दुरून पाहणारास हा डोंबाऱ्याचा खेळ वाटतो. वस्तुतः तो तराजू आहे. वारा किंचित् मंदावला कीं त्याला आंत यावें लागतें, वाढला कीं बाहेर जावें लागतें. आणि हें तो वारा लागल्यावर करूं लागला तर उशीर झालेला असतो.

येथेंच या विद्येचें मर्म आहे. दोघांची होडी दुप्पट बळासाठीं केलेली नाहीं. ती दुप्पट अवधानासाठीं केलेली आहे. सुकाण्याची दृष्टि शिडाच्या पुढच्या कडेवर आणि समोर येणाऱ्या लाटेवर खिळलेली असते. ती तेथून हलली कीं वेग मोडतो. म्हणून दूरचें सर्व जग साथीदारानें पाहावयाचें असतें. पाण्यावर काळसर पट्टा सरकत येतो आहे काय? तो वाऱ्याचा झोत असतो. डावीकडच्या होड्या अधिक कललेल्या दिसतात काय? तर तिकडे वारा अधिक आहे. वळणाचा बोया किती दूर राहिला? मागून कोण येतो? हें सारें साथीदार पाहतो आणि मोजक्या शब्दांत सांगतो: “झोत येतो. पांच, चार, तीन.” सुकाण्या तेवढें ऐकतो आणि ‘एक’ म्हणतांच दोघांचीं शरीरें एकदम हलतात.

या बोलण्याचें एक व्याकरण आहे आणि चांगले शिक्षक तें कटाक्षानें शिकवितात. होडींत जें दिसतें तें सांगावें. त्यावर मत लादूं नये. पुढचें बोलावें, गेलेलें उगाळूं नये. “तूं मघाशीं उशिरा वळलास” हें वाक्य पाण्यावर निषिद्ध, कारण तें ऐकण्यांत सुकाण्याचें लक्ष मागें जातें आणि सांगण्यांत साथीदाराचें. तेवढ्यांत पुढचा झोत हुकतो. म्हणजे एका चुकीवर बोलण्यासाठीं दुसरी चूक करावी लागते. चुकांचा हिशेब किनाऱ्यावर, होडी धुऊन झाल्यावर, वही उघडून करावयाचा. हा नियम ऐकावयास सोपा आहे. पण सतरा वर्षांच्या दोन तरुणांस तो अंगीं बाणविण्यास महिने लागतात, कांहीं जोड्यांना वर्षें लागतात, आणि पुष्कळ जोड्या मोडतात त्या वाऱ्यानें नव्हे, तर या नियमाच्या भंगानें.

आतां शिक्षणाचा क्रम. आरंभ पोहण्यापासून होतो. अंगावर तरंगतें जाकीट चढविल्यावांचून कोणीहि होडींत पाऊल टाकावयाचें नाहीं, मग तो कितीहि पट्टीचा पोहणारा असो. दुसरा धडा होडी उलटण्याचा. शिक्षक मुद्दाम होडी उलटवावयास लावतो. होडी आडवी पडली म्हणजे एक जण पोहत तळाकडे जातो, बाहेर आलेल्या उभ्या फळीवर उभा राहतो आणि दोर ओढून आपल्या वजनानें होडी सरळ करूं लागतो. दुसरा आंतल्या अंगाला पाण्यांत तरंगत राहतो. होडी उठतांच तो तिच्या पोटांत आपोआप उचलला जातो आणि लगेच तिला सांवरून जोडीदारास आंत घेतो. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत जावयाचें नाहीं, हा यांतला मोठा नियम. उलटलेली होडीहि तरंगत असते. आणि दुरून पाहणाऱ्या रक्षक-नौकेला माणसाच्या डोक्यापेक्षां होडी लवकर दिसते. दहा-बारा वेळां असें झालें कीं उलटण्याची भीति जाते. ती गेल्यावांचून पुढचें शिक्षण व्यर्थ, कारण भ्यालेला माणूस वाऱ्याच्या वेळीं होडीच्या मध्याकडे आक्रसतो, आणि नेमकें तेव्हांच त्यानें बाहेर झुकावयाचें असतें.

त्यानंतर वळणाचा सराव. एकाच सकाळीं दोन बोयांच्या मधून पुनः पुनः तेंच वळण घ्यावयाचें. सुकाणूं किती फिरवावें, दोघांनीं बाजू केव्हां बदलावी, लहान शीड केव्हां सोडावें व केव्हां ओढावें, हें शब्दावांचून जमूं लागेपर्यंत तें चालतें. मग अदलाबदल. सुकाण्यानें कांहीं दिवस साथीदाराच्या जागीं बसावयाचें आणि साथीदारानें सुकाणूं धरावयाचें. जोडी पुढें कोणत्याहि क्रमानें बसो, ही अदलाबदल फार उपयोगी पडते. तारेवर लोंबणाऱ्याचें अंग पाण्यानें कसें झोडपलें जातें हें ज्यानें एकदां अनुभविलें, तो सुकाण्या सूचना न देतां एकाएकीं होडी वळवीत नाहीं.

जोडी निवडतांना वजन, उंची व स्वभाव ही तिन्ही पाहतात. ४७० सारख्या होडींत सुकाण्या हलका आणि साथीदार उंच असला म्हणजे तराजू नीट बसतो. स्वभावाची निवड मात्र अवघड. जिवलग मित्रांची जोडी उत्तम होते असें नाहीं; कारण मित्राला न रुचणारें सत्य सांगण्यास मित्र कचरतो. किनाऱ्यावर फारसें न बोलणारे दोघे पाण्यावर एकमेकांस अचूक ओळखतात, असेंहि होतें.

आतां शर्यत. प्रारंभाची रेषा म्हणजे एका नौकेपासून एका बोयापर्यंत कल्पिलेली सरळ ओळ. पांच मिनिटें आधीं इशारा होतो, चार मिनिटें उरलीं असतां दुसरा, एक मिनिट राहिलें असतां तिसरा, आणि मग सुटण्याची खूण. धांवण्याच्या शर्यतींत धांवपटु रेषेवर स्थिर उभे असतात. होडीला स्थिर उभें राहतां येत नाहीं. म्हणून सारे रेषेच्या मागें घिरट्या घालतात आणि नेमक्या क्षणीं पूर्ण वेगानें रेषा गांठण्याचा प्रयत्न करतात. क्षणभर आधीं ओलांडली तर परत यावें लागतें. या पांच मिनिटांत साथीदार घड्याळ वाचतो आणि सुकाण्या जागा राखतो.

वाटेचे नियमहि मनोरंजक आहेत. ज्या होडीवर वारा उजव्या अंगानें येतो तिला, डाव्या अंगानें वारा घेणाऱ्या होडीनें वाट द्यावयाची. दोघींवर वारा एकाच अंगानें येत असेल, तर वाऱ्याकडच्या होडीनें दुसरीस वाट द्यावयाची. शर्यतीच्या मध्यावर बहुधा शिट्टी वाजविणारा पंच जवळ नसतो. आपल्याकडून नियम मोडला असें ज्याला कळलें, त्यानें स्वतःच बाजूला होऊन होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यावयाच्या आणि मग पुढें जावयाचें. म्हणजे अपराधी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच होडींत बसलेले असतात. दोघांपैकीं एकानें “कोणी पाहिलें नाहीं” असें म्हटलें आणि दुसऱ्यानें “आपण पाहिलें आहे” असें म्हटलें, तर ती जोडी कोणत्या शिक्षणांतून आली आहे हें त्या क्षणीं कळतें. गुणांची पद्धतहि उलटी आहे: पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि अखेर ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. अनेक शर्यती होतात आणि त्यांतली आपली सर्वांत वाईट एक सामान्यतः वगळली जाते. म्हणून एखाद्या दिवशीं चमकणाऱ्यापेक्षां रोज दुसरा-तिसरा येणारा पुष्कळदां जिंकतो.

या विद्येंत आपल्या देशाचा व विशेषतः मुंबईचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. १९७२ च्या ऑलिंपिकांत सोहराब कॉन्ट्रॅक्टर व अब्दुल बासिथ ही भारताची जोडी ‘फ्लाइंग डचमन’ या दोघांच्या वर्गांत उतरली होती. दहा वर्षांनीं, १९८२ सालीं, आशियाई सामने दिल्लीस भरले. पण दिल्लीला समुद्र नाहीं, म्हणून नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रावर झाल्या. तेथें ‘फायरबॉल’ वर्गांत फरोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनें सुवर्णपदक मिळविलें. त्याच सामन्यांत ‘एंटरप्राइज’ वर्गाचें सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आवारी व त्यांच्या पत्नी गोश्पी आवारी यांनीं नेलें. पतिपत्नींची ही जोडी पाहून, होडीच्या दोन जागांना वयाचें व लिंगाचें बंधन नाहीं, हें अनेकांस पटलें असेल.

तारापोर यांची पुढची वाटचाल आपल्या विषयाला फार उद्बोधक आहे. १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकांत ते ४७० वर्गांत उतरले आणि तिन्ही वेळां साथीदार निराळे होते: ध्रुव भंडारी, केली राव आणि सायरस कामा. वाऱ्याचें ज्ञान एका सामन्यांतून दुसऱ्या सामन्यांत नेतां येतें. पण जोडी दर वेळीं नव्यानें घडवावी लागते. होमी मोतीवाला व पुष्पेंद्रकुमार गर्ग यांना खेलरत्न हा बहुमान मिळाला तोहि दोघांना मिळून. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत वर्षा गौतम आणि मुंबईची श्वेता शेरवेगार या दोघींनीं ‘४९ ईआर एफएक्स’ या अतिशय चपळ होडींत रौप्यपदक मिळविलें. तर वरुण ठक्कर व के. सी. गणपति यांनीं पुरुषांच्या ‘४९ ईआर’ वर्गांत कांस्यपदक मिळविलें आणि २०२१ मध्यें झालेल्या टोकियो ऑलिंपिकांत भाग घेतला.

जोडीच्या विद्येची याहून मोठी कसोटी गोव्याहून निघालेल्या दोन नौदल-अधिकाऱ्यांनीं दिली. दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजीं ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजीं गोव्यास परतल्या. सुमारें आठ महिन्यांच्या या प्रवासांत एक झोंपे तेव्हां दुसरी जागी, असा क्रम होता. आपल्या जिवाचें रक्षण दुसऱ्याच्या जागेपणावर सोंपवून निश्चिंत झोंपतां येणें, हीच साथीदारीची परमावधि होय. ही तारिणी गोव्यांतीलच एका गोदींत बांधलेली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

आतां आरंभींच्या शंकेकडे वळूं. हें सर्व समुद्रकांठच्या लोकांचें झालें, आमचें काय? उत्तर हैदराबादेंत आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत असलेल्या आपल्या जिल्ह्यांना तें शहर परकें नाहीं. तेथील हुसेनसागर हा सोळाव्या शतकांत बांधलेला तलाव. त्या तलावावर दर वर्षीं पावसाळ्यांत अखिल भारतीय दर्जाच्या नौकाशर्यती भरतात. पावसाळ्यांत मुंबईच्या बंदरांतील शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात, तर देशावरच्या तलावांना त्याच दिवसांत शर्यतीजोगा वारा मिळतो. म्हणजे समुद्राची सुट्टी ती तलावाची सुगी. भोपाळच्या मोठ्या तलावावर अशीच शाळा चालते. देवास जिल्ह्यांतील शेतकरी घरांतली नेहा ठाकुर ही मुलगी तेथें शिकली आणि २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई सामन्यांत एकटीच्या होडींतून तिनें रौप्यपदक आणलें. देवासहूनहि समुद्र कांहीं जवळ नाहीं.

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. पैनगंगेवर इसापूरचें धरण आहे. तेथें उद्यां शर्यती सुरू कराव्या असें मी म्हणत नाहीं. प्रत्येक जलाशय त्यास योग्य असतो असें नव्हे. पाण्याची खोली, बुडालेलीं झाडें, दरवाजांजवळची ओढ, पाटबंधारे खात्याची परवानगी आणि सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे सदैव सज्ज असलेली रक्षक-नौका व शिकलेला शिक्षक, इतक्या गोष्टी आधीं जुळल्या पाहिजेत. त्या न जुळवितां उत्साहाच्या भरांत होडी पाण्यांत लोटणें हा खेळ नव्हे, अविचार आहे. होड्याहि महाग असतात. म्हणून त्या एकेका घरानें नव्हे, तर संस्थेनें घेऊन आळीपाळीनें वापरावयाच्या असतात.

परंतु पहिलें पाऊल प्रत्येक घराच्या हातांत आहे आणि त्याला होडी लागत नाहीं. आपल्या भागांत दर उन्हाळ्यांत विहिरींत, तळ्यांत, नदीच्या डोहांत मुलें बुडाल्याच्या दुःखद वार्ता येतात. त्यावर आपण मुलांना पाण्याची बंदी करतों. मुलींना तर ती बंदी जन्मभराची असते. पण भयानें पाण्यापासून दूर ठेविलेलें मूल पाण्याशीं गांठ पडली कीं सर्वांत आधीं धोक्यांत येतें. जाणत्या माणसाच्या नजरेखालीं, सुरक्षित ठिकाणीं, मुलगा असो वा मुलगी, दहाव्या वर्षाच्या आंत त्याला पोहणें शिकवावें. एवढें झालें तर पुढें एखाद्यास होडीची संधि मिळाली असतां तो ती घेऊं शकेल. न मिळाली तरी प्राण वांचविण्याची विद्या वायां जाणार नाहीं.

आणि ज्या आईबापांच्या मुलास ही संधि मिळेल, त्यांस एक विनंती आहे. घरीं आल्यावर “सुकाणूं तुझ्या हातांत होतें ना?” असा पहिला प्रश्न करूं नये. आपल्याकडे पुढारीपणाचें कौतुक इतकें झालें आहे कीं, दुसऱ्या जागेवर बसलेल्या मुलाला आपण कमी प्रतीचें मानूं लागतों. दोघांच्या होडींत दूरचें पाहणारा, वेळ मोजणारा आणि वादळांत पाण्यावर झुकून सर्वांचा तोल राखणारा तो दुसराच असतो. त्यानें आज काय पाहिलें आणि तें जोडीदाराला कसें सांगितलें, हें विचारावें. हा प्रश्न विचारण्याची संवय आपल्या घरांत लागली, तर या भाषणाचें सार्थक झालें असें मी समजेन.